अंबूताईंचा अकरावा गज

वेंकोजीरावांनी साखळी ओढली ती गल्ली मोजण्यासाठी, पण आधी खाली आली अंबूताईंची इस्त्री.

झालं असं, की साखळीचं पुढचं टोक घेऊन गडी गल्लीच्या तोंडाशी उभा होता, मागचं टोक सरकारी मोजणीदार वेंकोजीरावांच्या हातात होतं आणि मधली साखळी अंबूताईंच्या ओट्यावरून गेली होती. ओट्यावर तिपाई, तिपाईवर निखाऱ्यांनी भरलेली पितळी इस्त्री. साखळी तिपाईच्या पायात अडकली. दुसऱ्या कुणी जाऊन ती सोडवली असती. पण वेंकोजीरावांचे आजोबा महाराजांच्या घोडदळात बारगीर होते आणि अडलं की खेचायचं, एवढं एकच शास्त्र त्या घराण्यात शिल्लक राहिलं होतं. त्यांनी हिसका दिला. तिपाई गेली, इस्त्री गेली, निखारे दसऱ्याच्या स्वारीतल्या एका चोपदाराच्या, इस्त्रीला आलेल्या लाल बनाती अंगरख्यावर सांडले आणि 'टण्' असा आवाज होऊन साखळीचेही दोन तुकडे झाले.

अंबूताई दारात आल्या. जळत्या बाहीवर त्यांनी शांतपणे तांब्या ओतला आणि वेंकोजीरावांकडे पाहिलं.

"मुद्दाम केलंत."

"अहो अंबूताई, चुकून झालं!"

"सरकारी माणूस चुकून काही करत नाही. चुकायला आधी काहीतरी करावं लागतं."

वेंकोजीरावांनी पुन्हा पुन्हा माफी मागितली. मग साखळीचे तुकडे खांद्यावर टाकून ते लोहाराकडे चालते झाले. लोहारानं दोन टोकं एकमेकांत अडकवून ठोकून दिली. साखळी पुन्हा एक झाली आणि वेंकोजीरावांच्या लेखी ते प्रकरण संपलं. इकडे अंबूताई ओटा झाडायला बसल्या. त्यांच्या लेखी ते आत्ता कुठे सुरू होत होतं.

ते दिवस म्हैसूरला कापाकापीचे होते. प्लेग येऊन गेला होता आणि जाता जाता सरकारला एक गोष्ट शिकवून गेला होता : गल्ली अरुंद असली की रोग रुंद होतो. तेव्हापासून जुन्या मोहल्ल्यांतून सरळ रस्ते काढायचं चाललं होतं. कुणाच्या स्वयंपाकघरातून रस्ता जाई, कुणाच्या न्हाणीघरातून. ज्यांची घरं जात, त्यांना गावाबाहेरच्या माळावर नव्या वस्तीत जागा मिळे. तिथे रस्ते पट्टीनं आखलेले, गटारं बांधीव, आणि प्रत्येक जागेच्या चार कोपऱ्यांना चार खुंट्या. नव्या वस्तीला कानडीत 'बडावणे' म्हणतात. हा शब्द कचेरीच्या शिपायानं शिंपीगल्लीत पहिल्यांदा पुकारला, तेव्हा अंबूताईंनी सुई खाली ठेवली होती.

"कुणाला बडवणार म्हणतोय हा?"

"बडवणे नव्हे, अंबूअक्का, बडावणे," त्यांचा पुतण्या गुंडू म्हणाला. "नवी वस्ती."

"तेच ते. सरकार काना लावून सांगतंय, एवढंच."

कचेरीचा हुकूम साधा होता. शिंपीगल्लीतल्या अठरा घरांना माळावर अठरा जागा. जाऊन जागा पाहायची, शनिवारी दुपारच्या आत कागदावर सही नाहीतर अंगठा करायचा. न करील त्याची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल आणि सोमवारी पहार मात्र त्याच्याही भिंतीवर पडेल. सतरा घरांनी आठवड्याच्या आत अंगठे केले. अठरावं घर अंबूताईंचं.

वेंकोजीराव रोज येत. "अंबूताई, जागा हातची जाईल हो! मग राहायचं कुठे?"

"तुमच्याकडे," अंबूताई म्हणत. "तुमचं घर कुणी मोजलं नाही ना अजून?"

त्यांचं 'तुम्ही' मोठं अवघड होतं. ज्याच्यावर भरवसा त्याला अंबूताई 'अरे-तुरे' करत, मग तो साठ वर्षांचा असो. ज्याचा संशय येई त्याला 'अहो-जाहो'. अंबूताईंकडून मान मिळतोय असं दिसलं की गल्लीतली माणसं त्या माणसापासून आपापल्या वस्तू जरा आत ओढून घेत. नळाच्या पाण्याला त्यांनी पहिले सहा महिने 'अहो' म्हटलं होतं. लोखंडाच्या पोटातून येणारं पाणी, वाटेत कुणाकुणाला भेटून येतं कुणाला ठाऊक! कोपऱ्यावर विजेचा दिवा लागला, तेव्हा तेल कोण घालतं ते पाहायला त्या दोन संध्याकाळी पायरीवर बसल्या. कुणीच येत नाही असं बघून त्यांनी दिव्याकडे कायमची पाठ केली.

याला कारण होतं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं. आठव्या वर्षी अंबूताई लग्न होऊन या गल्लीत आल्या. नवरा तिरुमलराव, नामांकित शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी म्हैसूरच्या अंगांची मापं घेतली आणि अंबूताईंनी काजं केली. त्यांचं काज मुंगीच्या डोळ्याएवढं बारीक आणि ओठासारखं मिटलेलं. मग प्लेगाच्या सालात कचेरीची माणसं आली. त्यांनी दारावर डांबरानं खूण केली, कौलं उतरवली, अंथरुणं जाळली आणि तीन दिवसांसाठी म्हणून सगळ्यांना माळावरच्या झोपड्यांत नेलं. ते तीन दिवस तीन महिने चालले. तिरुमलराव त्यातून परत आले नाहीत. अंबूताई आल्या, तेव्हा घराचं मागचं दार गेलेलं होतं आणि आत शिल्लक होता नवऱ्याचा कापड मोजायचा लोखंडी गज. सरकारनं आकडा सांगितला की तो स्वतः मोजून पाहायचा, हा नेम तेव्हापासूनचा.

पोटासाठी त्यांनी कात्री हातात घेतली. बाईमाणसाला कोण माप देणार? म्हणून दुकानात बसायचा गुंडू, तोच फीत लावायचा आणि आकडे मोठ्यानं म्हणायचा. पडद्याआड अंबूताई कापायच्या. गल्लीला हे माहीत होतं, गिऱ्हाइकांना नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्या स्वतःहून कचेरीच्या दाराशी उभ्या राहिल्या. हातात गज, कमरेला पानाची चंची.

"चला रावसाहेब. जागा दाखवा."

वेंकोजीरावांनी हर्षानं जटका बोलावला. अंबूताईंनी घोड्याकडे पाहिलं, जटकेवाल्याकडे पाहिलं आणि "हा लांबून नेईल" म्हणून चालू लागल्या. मागे वेंकोजीराव, त्यांच्या मागे काय होतंय ते बघायला गुंडू, आणि त्याच्या मागे आशेनं बराच वेळ तो रिकामा जटका.

माळावर लाल माती, खुंट्या आणि ऊन. अंबूताईंची जागा सातवी. रुंदी अर्धी साखळी, म्हणजे तेहतीस फूट, म्हणजे बरोबर अकरा गज. वेंकोजीरावांनी हे तिन्ही हिशेब सांगितले. अंबूताईंनी ऐकून घेतले आणि त्या खाली बसल्या. गज ठेवायचा, टोकाशी बोट दाबायचं, गज उचलायचा, बोटापासून पुढे ठेवायचा. एक, दोन, तीन. दहा गज झाले. अकराव्याला गजाचं टोक खुंटीच्या पलीकडे गेलं. अंबूताईंनी वीत लावली.

"वीतभर कमी."

"शक्य नाही," वेंकोजीराव म्हणाले. "मी स्वतः मोजलीय."

"म्हणूनच विचारते. वीत कुठाय?"

"अहो, गज हा कापडाचा. जमिनीला साखळी लागते. खडबडीत भाग असतो, चढउतार..."

"जमीन पावसात आटते का हो?"

"म्हणजे?"

"माझे यजमान गिऱ्हाइकाला सांगायचे, कापड पाण्यात आटतं. वीतभर आटायचं. चाळीस वर्षं आटलं. माझ्या घरातल्या सगळ्या गोधड्या त्या आटलेल्या कापडाच्या होत्या, रावसाहेब. माप घेणारा माणूस काय करतो, ते मला सांगू नका."

गुंडू खदखदून हसला आणि इथेच चुकला. अंबूताई उठल्या, शेजारच्या आठव्या जागेवर गेल्या आणि खाली बसल्या. आठवी जागा गुंडूची. एक, दोन, तीन... अकरा. अकरावा गज खुंटीला अस्सा भिडला.

"बरं," अंबूताई म्हणाल्या. "गुंडोपंत, तुमची पुरी आहे."

गुंडूचं हसू जागच्या जागी वाळलं. जन्मापासून 'गुंड्या' म्हणून हाक ऐकलेल्या माणसाला एकदम 'पंत' होणं म्हणजे काय, हे शिंपीगल्लीतच कळतं.

"अक्का, देवाशप्पथ, मी काही केलं नाही!"

"रावसाहेब, हे अंगातलं जाकीट कुणी शिवलं?"

वेंकोजीरावांनी जाकिटाकडे असं पाहिलं, जणू ते आत्ताच कुणी अंगावर टाकलंय. "गुंडूनं. पण मी ते रीतसर शिवून घेतलंय!"

"त्याची काजं मी केलीत. पाच. लाच देताना मलाच काजाला बसवलंत, एन्री, काय हो गुंडोपंत?"

मग उन्हात एक विलक्षण वरात निघाली. पुढे अंबूताई गज घेऊन, मागे छत्री धरलेले वेंकोजीराव, त्यांच्या मागे शपथा घेणारा गुंडू. अंबूताईंनी पहिल्या जागेपासून अठराही जागा मोजल्या. पहिली वीतभर कमी. दुसरी पुरी. तिसरी कमी. चौथी पुरी. पाचवीच्या सुमाराला वेंकोजीरावांच्या छत्रीचा हात हळूहळू खाली यायला लागला. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. 

"एक आड एक," अंबूताई म्हणाल्या. "चोर असा एक आड एक चोरत नाही. कातरण गेली कुठे?"

"कसली कातरण?"

"अय्यो, कापड मारलं की ते कुठेतरी ठेवावं लागतं. गोळा होतं. ते दिसलं पाहिजे."

आणि त्या ओळीच्या टोकाला चालत गेल्या. अठराव्या जागेची शेवटची खुंटी आणि आडवा रस्ता यांच्यामध्ये मातीचा एक पट्टा मोकळा होता, माणूस आडवा झोपेल एवढा.

"ही कुणाची जागा?"

"ती सफाईची गल्ली," वेंकोजीराव म्हणाले. "झाडूवाल्यांना जायला-यायला. नकाशात आहे."

"नकाशात कुणी काढली?"

वेंकोजीरावांच्या तोंडून 'मी' एवढं बारीक निघालं, की ते गुंडूला ऐकूच आलं नाही. आखणी झाल्यावर टोकाला एवढी जमीन उरली कशी, याचा त्यांनाही अचंबा वाटला होता. पण उरलेल्या गोष्टीला नाव दिलं की ती उरलेली दिसत नाही, म्हणून त्यांनी दोन रेघा मारून आत 'सफाई गल्ली' असं वळणदार अक्षरात लिहिलं होतं. कचेरीतले वरिष्ठ, शेषगिरीसाहेब, ते पाहून इतके खूष झाले, की भर कचेरीत म्हणाले, "याला दूरदृष्टी म्हणतात." नोकरीच्या नऊ वर्षांत वेंकोजीरावांचं झालेलं हे एकुलतं एक कौतुक.

अंबूताईंनी पट्टा मोजला. "दोन गजांना बोटभर कमी." मग त्या तिथेच एका दगडावर टेकल्या आणि त्यांनी चंची सोडली. पान निघालं, सुपारी निघाली, चुन्याची डबी निघाली आणि तळातून निघाली एक लोखंडी कडी. दोन्ही टोकांना वेढा घातलेली सळई, लांबीला वीतभर.

वेंकोजीरावांनी ती ओळखली. त्यांच्या साखळीच्या शंभर कड्यांपैकी एक.

"ही... कुठे मिळाली?"

"माझ्या ओट्यावर. निखाऱ्यांत. बाही जाळलीत आणि भरून दिली नाहीत, म्हणून ठेवून घेतली. ही कशाची, ते मला काय माहीत? आत्ता वीत लावली तेव्हा हिची आठवण झाली."

त्यांनी ती कडी पट्ट्याच्या कडेला ठेवली. बोट दाबलं, उचलली, पुढे ठेवली. गुंडू मोठ्यानं मोजत होता, दुकानात आकडे म्हणतो तसा. नवव्या वेळी कडीचं टोक बरोबर रस्त्याच्या कडेला टेकलं.

आता सगळं उघड्यावर होतं. माळ आखला गेला तो साखळी लोहाराकडून आल्यावर. दोन जागांना मिळून एक साखळी लागे. तुटलेलं टोक दर वेळी जोडीतल्या पहिल्या जागेच्या वाट्याला येई. अठरा जागा, नऊ साखळ्या, नऊ कड्या. त्या नऊ कड्यांची झाली होती दूरदृष्टी. रोज सकाळी कचेरीच्या आवारातल्या दोन दगडांमध्ये साखळी टाकून ती पुरी आहे का पाहायचं, असा नियम होता. पण त्या दगडांवर कुणीतरी विटा रचल्या होत्या आणि विटा हलवणं वेंकोजीरावांच्या कामात बसत नव्हतं.

तरी एक शेवटचा प्रयत्न त्यांनी केला. "लोखंड कसं असतं अंबूताई, की सकाळच्या गारव्यात ते..."

"आटतं?" अंबूताईंनी डोळे बारीक केले. "म्हणा, म्हणा. पुष्कळ वर्षं झाली हे ऐकून."

वेंकोजीरावांनी वाक्य गिळलं. कडी मागायला त्यांनी हात पुढे केला, कारण ती साहेबांना दाखवायची होती. आता त्यांना खरंच दाखवायची होती. अंबूताईंनी ती चंचीत टाकली, वर चुन्याची डबी ठेवली आणि दोरी आवळली.

"कडी माझ्यापाशी राहील. साखळी तुम्ही आणा."

रात्रभर वेंकोजीरावांनी कूस बदलली. चुकीबद्दल बोलणी बसतील, ती ते सोसतील. पण दूरदृष्टी परत करायची, हे जड होतं. शनिवारी सकाळी ते कचेरीत पोचले तेव्हा अंबूताई दारात हजर होत्या. त्यांना वाटलं होतं, हा माणूस आज आजारी पडणार.

आजारी न पडता वेंकोजीरावांनी स्वतःच्या हातांनी विटा हलवल्या, दोन दगडांमध्ये साखळी ताणली आणि शेषगिरीसाहेबांना बोलावलं. साखळी दुसऱ्या दगडाला पोचली नाही.

"एन्री हे, वेंकोजीराव?" साहेब म्हणाले.

"साहेब, माझी साखळी तुटली होती. मी मोजली नाही. ती सफाई गल्ली ही गल्ली नाही. ती या बाईंची आणि आणखी आठ घरांची जमीन आहे."

शेषगिरीसाहेबांचा चेहरा उतरला. "मी त्या गल्लीबद्दल वरती लिहून पाठवलं, हो! सगळ्या वस्त्यांत अशी ठेवा म्हणून!"

अंबूताई मधेच म्हणाल्या, "कड्या मोजा. मोठ्यानं."

साहेबांच्या देखत, शिपायांच्या देखत, आवारातल्या दोन म्हशींच्या देखत वेंकोजीरावांनी कड्या मोजल्या. नव्याण्णव. अंबूताईंनी पुन्हा मोजायला लावल्या. पुन्हा नव्याण्णव. मग त्यांनी चंची सोडून शंभरावी समोर टाकली.

खुंट्या उपटून पुन्हा ठोकायचा हुकूम त्याच क्षणी निघाला. वेंकोजीरावांना शिक्षा अशी, की वर्षभर रोज सकाळी त्या दोन दगडांमध्ये साखळी टाकायची आणि साहेबांच्या खिडकीखाली उभं राहून 'पुरी आहे' असं ओरडायचं. माळावर अंबूताईंनी आपला अकरावा गज नव्या खुंटीला भिडलेला पाहिला तेव्हा दुपारला थोडाच अवकाश होता. वेंकोजीरावांनी तिथेच कागद पुढे केला.

"कुठला अंगठा?" अंबूताईंनी विचारलं.

"डावा."

"उजवा का नको?"

"अंबूताई, पाया पडतो."

"बरं, बरं. घे," त्या म्हणाल्या आणि अंगठा टेकवला.

वेंकोजीरावांनी कागद दोन्ही हातांत धरला. शाई वाळेपर्यंत ते तो 'घे' मनातल्या मनात पुन्हा पुन्हा ऐकत होते.

माळावर घरं उभी राहिली. करंजाची झाडं रस्त्याच्या दोन्ही कडांना वाढली, कोपऱ्यावर विठोबाचं लहानसं देऊळ झालं आणि तिथे बसून भजनाचा टाळ कुणाचा चुकतो याचाही अंबूताई संशय घेऊ लागल्या. जुनी शिंपीगल्ली गेली ती अशी गेली, की तिच्यावरून झालेला रस्ता ओलांडायला चाळीस पावलं लागत. एकदा त्या रस्त्याच्या मधोमध वेंकोजीरावांना अंबूताई उभ्या दिसल्या. जटके दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होते. त्या गजानं रस्त्याच्या कडेपासून काहीतरी मोजत आल्या होत्या.

"इथं तिपाई होती," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांची बसायची जागा तिथं, त्या घोड्याच्या पायाशी."

वेंकोजीराव हाताला धरून त्यांना कडेला घेऊन आले. वाटेत त्या आपल्याआप म्हणाल्या, की चोपदाराच्या बाहीला ठिगळ लावायला लाल बनात कुठे मिळेना. मग झोपडीत बरोबर नेलेल्या गाठोड्यातली, ह्यांनी ठेवलेली कातरण काढली. वीतभर. आगीतून आणि प्लेगाच्या माणसांतून तेवढाच एक तुकडा राहिला होता. 

पुढच्या दसऱ्याला त्यांनी कोट शिवायला टाकला. राखी रंगावर निळी रेघ असलेलं, खास मागवलेलं कापड. गुंडूनं माप घेतलं, पडद्याआड कात्री चालली, आणि कोट असा बसला की कचेरीत साहेबांनी वळून पाहिलं. आभार मानायला वेंकोजीराव अंबूताईंच्या घरी गेले. ओट्यावर तीच तिपाई, तीच इस्त्री. पाठीमागे खुंटीवर एका जुन्या गजाला नवी खोळ घातलेली होती. खोळ राखी, तिच्यावर निळी रेघ.

वेंकोजीरावांनी आपल्या बाहीकडे पाहिलं. खोळीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणाचा तरी संशय आला, आणि तो फार बरा वाटला.

"अंबूताई, ते माझ्या कोटाचं कापड ना? किती ठेवून घेतलंत?"

काजावरची नजर न काढता अंबूताई म्हणाल्या, "एक कडी."